‘हे पान एकदाच येतं’: अण्णांच्या घरच्या सर्व्हरचं प्रकरण

"फोटो गेलं रं सगळं," अण्णा फोनवर म्हणाले. "पडद्यावर वेलकम म्हणतंय. नाव, ईमेल, पासवर्ड मागतंय. भरू का?"

मी शिरोलीला कारखान्यात होतो, एका अडलेल्या प्रिंटरपुढं. म्हटलं, "काही भरू नका, काही दाबू नका. चहा घ्या, मी संध्याकाळी येतो."

"भरलं न्हाई. वहीत लिहिलंय न्हवं, हे पान एकदाच येतं म्हणून. मग दुसऱ्यांदा आलं कसं?"

सत्तरी ओलांडलेल्या आणि दोन महिन्यांपूर्वी 'टर्मिनल' (आज्ञा टाइप करायची खिडकी) हा शब्दही न ऐकलेल्या माणसाचा हा प्रश्न होता. संगणकाच्या कामात वीस वर्षं काढलेली माणसं अशा वेळी पहिलं रीस्टार्ट करतात आणि मग विचार करतात. अण्णांनी रीस्टार्ट आधीच केलं होतं, तो भाग पुढं येईल. पण प्रश्न बरोबर विचारला होता आणि त्याचं उत्तर शोधताना चूक निघाली ती माझी. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहून ठेवतोय.

माणूस, जागा, सामान

अण्णांचा शुक्रवार पेठेत फोटो स्टुडिओ होता. माझ्या आईबाबांच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेत, त्यामुळे आमच्या घरी त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. कोल्हापुरात नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा धोक्याची खूण मागं टाकून कितीतरी वर गेली आणि स्टुडिओत शिरली. पाणी ओसरल्यावर निगेटिव्हचे गठ्ठे निघाले ते वड्यांसारखे, एकाला एक चिकटून. निगेटिव्हवरचा थर जिलेटिनचा असतो. तो भिजला की फुगतो आणि वाळताना शेजारच्या पट्टीला धरून बसतो. जेवढं माळ्यावर होतं तेवढं वाचलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा दुकानात भिजायला काही उरलेलंच नव्हतं.

वाचलेलं सगळं अण्णा घरी स्कॅन करत बसले. तीन-चार वर्षं, रोज दुपारी. आधी ते गुगल फोटोजवर चढवत होते, पण तिथली फुकटची अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आणि १५ जीबीवर पैसे सुरू झाले. "भाड्याच्या खोलीत किती दिस ठेवायचं?" अण्णा म्हणाले. "घरात कप्पा कर की मला."

कप्पा म्हणजे घरचा सर्व्हर. सामान साधंच. एका ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप, सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, आत २४० जीबीची एसएसडी. बाहेरून यूएसबीनं जोडलेली ४ टीबीची हार्ड डिस्क, साडेतीन इंची जातीची, म्हणजे जिला वेगळा अडॅप्टर लागतो ती. हा अडॅप्टर ध्यानात ठेवा. ठेवायची जागा पहिल्या मजल्यावर, खिडकीपासून लांब, भिंतीतल्या फळीवर. "पाणी हितंवर आलं तर फोटो बघायला आपुनच नसणार," हे अण्णांचं जागेबद्दलचं मत.

सॉफ्टवेअर म्हणून इमिच निवडलं. फोनमधले फोटो आपोआप घरच्या डिस्कवर आणतं, तारखेनं लावतं, चेहरे ओळखतं, दिसायलाही लोकांना सवय असलेल्या फोटो ॲपसारखंच. ते डॉकरवर चालतं, म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या व्यवस्थेवर. नवशिक्याला डॉकर नको, सरळ इन्स्टॉल होणारं काहीतरी द्यावं, असं म्हणणारे मित्र मला आहेत. मला ते पटत नाही. सरळ इन्स्टॉल झालेलं सॉफ्टवेअर यंत्रभर पसरतं आणि काय कुठं गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. डॉकरमध्ये निदान एका फायलीत लिहिलेलं असतं की अमुक गोष्ट तमुक जागी आहे.

कीबोर्ड कुणाच्या हातात

पहिल्या दिवशी मी एकच अट घातली की कीबोर्ड अण्णांच्याच हातात राहणार. मी खुर्चीमागं उभा राहून सांगणार. अर्ध्या तासात ही अट मीच मोडली. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) चा इन्स्टॉलर चालू होता, रात्रीचे नऊ वाजलेले, मला घरी जायची घाई. "सरका जरा" म्हणून मी बसलो आणि चार पडदे भराभर पुढं ढकलले. त्यातच एका पडद्यावर मी रूटचा, म्हणजे यंत्रावर सगळे हक्क असलेल्या खात्याचा, पासवर्ड ठेवला.

डेबियनचा इन्स्टॉलर इथं एक खोडी करतो. रूटचा पासवर्ड कोरा सोडला तर तो तुमच्या नेहमीच्या खात्याला सुडो देतो, म्हणजे रूटच्या हक्कानं आज्ञा चालवायची सोय. पासवर्ड भरला तर म्हणतो, तुमच्याकडं रूट आहे ना, मग सुडो कशाला, आणि तो बसवतच नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा एकटे बसले, कुठल्याशा व्हिडिओत बघून सुडोनं सुरू होणारी पहिली ओळ टाइप केली आणि उत्तर आलं की असली आज्ञाच नाही. माणूस तासभर स्पेलिंग तपासत बसला. एस, यू, डी, ओ. चार अक्षरं. ती चूक दिसणार कशी? ती मी आदल्या रात्री करून ठेवली होती, तेही त्यांच्या नजरेआड.

त्यानंतर मी कीबोर्डला हात लावला नाही. वेळ तिप्पट लागला.

दुसरी गंमत खिडकीजवळच्या लॅपटॉपवरून सर्व्हरमध्ये एसएसएचनं (लांबच्या यंत्रावर आज्ञा चालवायची सोय) शिरताना झाली. पासवर्ड मागितला, अण्णांनी टाइप केला, पडद्यावर काहीच उमटेना. ना अक्षर, ना ठिपका. त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून भडंगाचे दोन दाणे पडले. "बघ, अडकलं हुतं." मग मी सांगितलं की लिनक्सच्या टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना सहसा काहीही दिसत नाही. मागं उभ्या असलेल्याला किती अक्षरं आहेत हेसुद्धा कळू नये म्हणून. अण्णांनी ते वहीत लिहिलं: 'पासवर्ड दिसत नाही. आंधळ्यागत टाइप. एंटर.'

ही वही या प्रकरणातली सगळ्यात कामाची वस्तू. डार्करूममध्ये त्यांना ती सवय होती. डेव्हलपर कधी बनवला, किती तापमानाला, कागद कुठला, एन्लार्जरखाली किती सेकंद, हे सगळं ते लिहून ठेवत. आता त्याच जातीच्या लांबट वहीत आज्ञा लिहू लागले, देवनागरीत, उच्चार येईल तशा. डावीकडं काय केलं, उजवीकडं काय झालं. मी जे सांगेन ते आधी वहीत उतरायचं आणि मगच टाइप व्हायचं. सुरुवातीला मला याचा कंटाळा यायचा, हे कबूल करतो.

डॉकर बसवताना व्हिडिओतल्या आज्ञा उबंटूच्या होत्या आणि आमचं यंत्र डेबियनचं. पत्त्यात उबंटू आणि पुढं डेबियनचं टोपणनाव बुकवर्म, अशी खिचडी झाली. असा पत्ता जगात नाही, त्यामुळे अपडेट तिथं आपटलं. डॉकरच्या डेबियनसाठीच्या पानावरून तेच पुन्हा केलं, दहा मिनिटांत झालं.

निगेटिव्ह आणि प्रिंट

कंटेनर म्हणजे काय हे कसं सांगावं याची मला धास्ती होती. जहाज, डबे, खोके ही नेहमीची उदाहरणं अण्णांपुढं वाया गेली. मग डॉकर आपल्या साच्याला 'इमेज'च म्हणतो हे आठवलं आणि काम सोपं झालं.

म्हटलं, इमेज म्हणजे निगेटिव्ह. ती बदलत नाही. तिच्यावरून काढलेला प्रिंट म्हणजे कंटेनर. फाटला, फेकला, तरी दुसरा काढता येतो. पण प्रिंटच्या मागं पेननं गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं आणि प्रिंट फेकला, तर ते नाव गेलं. दुसऱ्या प्रिंटवर ते येणार नाही.

"मग नाव रजिस्टरात लिहायचं," अण्णा म्हणाले.

तेच तर. टिकायला हवं ते प्रिंटवर ठेवायचं नाही, बाहेरच्या कप्प्यात ठेवायचं. डॉकरनं काय काय चालवायचं ते जिच्यात लिहितात त्या कंपोज फायलीशेजारी इमिचची एक छोटी फाइल असते, तिच्यात दोन पत्ते लिहायचे असतात. फोटो कुठं ठेवायचे आणि डेटाबेस कुठं ठेवायचा. डेटाबेस म्हणजे रजिस्टर: कुठला फोटो कुणाचा, कधीचा, कुठल्या अल्बममधला. नुसते फोटो वाचले आणि रजिस्टर गेलं तर पुन्हा स्टुडिओत पुरानंतर बसल्यासारखं बसायचं, ओळखत.

इथं मी एक निर्णय घेतला जो नंतर अंगाशी आला. दोन्ही कप्पे मी मोठ्या डिस्कवरच ठेवायला सांगितले. कारण असं दिलं की सगळं एका जागी असलं की बॅकअप सोपा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

कंपोज वर आणल्यावर, म्हणजे त्या फायलीतलं सगळं सुरू केल्यावर, डेटाबेसचा कंटेनर उठायचा, पडायचा, उठायचा, पडायचा. यादीत 'रीस्टार्टिंग' एवढंच दिसे. मी फोनवर म्हटलं, लॉग, म्हणजे त्यानं लिहिलेल्या नोंदी, वाचा. अण्णा एकेक अक्षर लावत वाचू लागले. डेटा फोल्डरची परवानगी बदलता आली नाही, आणि शेवटी 'ऑपरेशन नॉट परमिटेड'.

"परवानगी न्हाई म्हणतंय. कुणाची परवानगी? डिस्क माझी, घर माझं."

त्यांनी तोवर कुठूनतरी चमॉड ७७७ ही संजीवनी शोधून ती चालवूनही पाहिली होती. काही झालं नाही. होणारही नव्हतं. डिस्क दुकानातून आली तशीच, एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली होती. विंडोजची ती रीत. लिनक्स तिथं वाचू-लिहू शकतो, पण फाइल कुणाच्या मालकीची, कुणाला वाचता येईल, ही लिनक्सची नोंद ती जशी ठेवायला हवी तशी ठेवली जात नाही. पोस्टग्रेस, म्हणजे इमिचचा डेटाबेस चालवणारा प्रोग्राम, या बाबतीत सोवळ्याचा आहे. त्याचं फोल्डर त्याच्याच मालकीचं हवं आणि बाकीच्यांना बंद हवं, नाहीतर तो कामालाच लागत नाही. सगळ्यांना सगळं उघडं करणारं ७७७ चाललं असतं तरी त्यावर तो अजून बिथरला असता. इमिचच्या कागदपत्रांत हे लिहिलेलंही आहे: डेटाबेस एनटीएफएस किंवा फॅट जातीच्या डिस्कवर चालणार नाही. मी तो भाग वाचला नव्हता.

डिस्कवर तोवर तीनशे जीबीच्या वर स्कॅन होते. माझी एक रिकामी डिस्क आणली, त्यावर सगळं उतरवलं, मोजून पाहिलं आणि मगच फॉरमॅटला हात घातला. आज्ञा टाइप करण्याआधी एलएसबीएलके (लावलेल्या डिस्कांची यादी देणारी आज्ञा) चालवून कुठली डिस्क कुठली ते दोघांनी मोठ्यानं वाचलं. एसडीए, २२३.६ जी, ही आतली. एसडीबी, ३.६ टी, ही बाहेरची.

"चारचं पैसं दिलंत. ३.६ कसं?"

कंपनी हजारानं मोजते, यंत्र १०२४ नं. चार वेळा हजारानं गुणत गेलं की तेवढा फरक पडतो. अण्णांना हे पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. वहीत त्यांनी 'मापात पाप' असं लिहून ठेवलंय.

डिस्क ईएक्सटी-४, म्हणजे लिनक्सच्या रीतीची, झाली आणि पोस्टग्रेस पहिल्या फटक्यात उठला. यंत्र सुरू होताना डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅब फायलीत एक ओळ घालायची होती. तो दिवस रविवार, मी पन्हाळ्याच्या वाटेवर, गाडीत पोरं. फोनवरच सांगितलं: डिस्कचं नाव एसडीबी-वन, जोडायची जागा अमुक, पद्धत ईएक्सटी-४, आणि शेवटी 'नोफेल' घाला. नोफेलचा अर्थ असा की डिस्क सापडली नाही तरी यंत्रानं सुरू व्हायचं, अडून बसायचं नाही. ज्या यंत्राला पडदा जोडलेला नाही त्याला ते लागतंच. म्हणालो, "नावाऐवजी त्या डिस्कचा लांब नंबर घालतात, तो आल्यावर घालू." आल्यावर मी विसरलो.

मधले बरे दिवस

पुढचे सहा आठवडे नीट गेले. राउटरमध्ये सर्व्हरला १९२.१६८.१.४० हा पत्ता कायमचा बांधून दिला. काकूंच्या फोनमधले फोटो रात्री आपोआप येऊ लागले. बाहेरून बघण्यासाठी अण्णांना राउटरचं दार उघडायचं होतं, पण राउटरचा बाहेरचा पत्ताच १०० नं सुरू होणारा निघाला, १००.६४ ते १००.१२७ मधला. म्हणजे पुरवठादारानं एकाच सार्वजनिक पत्त्यामागं बरीच घरं बसवली होती. अशा ठिकाणी तुमचं दार उघडून उपयोग नाही, कारण सोसायटीचं फाटक तुमच्या हातात नसतं. खरं सांगायचं तर उपयोग असता तरी मी उघडू दिलं नसतं. टेलस्केल घातलं, म्हणजे आपल्याच यंत्रांना इंटरनेटवरून खाजगी वाटेनं जोडणारं सॉफ्टवेअर. ते वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या रीतीवर चालतं, दोन्ही टोकं आतून बाहेर हात पुढं करतात आणि मध्ये गाठ पडते. पुण्याच्या नातीला पहिला फोटो दिसला तो तिच्या पणजीचा, नऊवारीत, हातात कोंबडी.

जुन्या स्कॅनच्या तारखा मात्र सगळ्या चुकल्या होत्या. १९८२ च्या मे महिन्यातलं लग्न टाइमलाइनमध्ये २०२२ च्या नोव्हेंबरात, शेजारी नातीचा वाढदिवस. यंत्राला तारीख कळते ती फायलीत दडलेल्या नोंदीवरून, आणि त्या फायली जन्मल्याच मुळी स्कॅनरवर. फोल्डरच्या नावात मात्र अण्णांनी पाकिटावरचं साल लिहिलेलं होतं. एक्झिफटूल नावाच्या आज्ञेनं फोल्डर-फोल्डर करत खरी तारीख आत लिहिली. हे काम अण्णांनी पूर्णपणे एकट्यानं केलं. पहिल्या फोल्डरची आधी नक्कल काढली, तिच्यावर करून पाहिलं, मग बाकीच्यांवर. हे त्यांना मी शिकवलेलं नव्हतं. ते डार्करूममधलं टेस्ट स्ट्रिपचं वळण होतं.

चेहरे ओळखण्यात एका घरातले बाप आणि मुलगा इमिचनं एकच माणूस धरले. अण्णांनी ते दुरुस्त केलं नाही. म्हणाले, "खरंच हाय ते."

ती दुपार

संध्याकाळी पोचलो. पडद्यावर तेच पान. नव्या इमिचला पहिल्यांदा उघडल्यावर जे येतं, मुख्य वापरणाऱ्याचं खातं तयार करा म्हणणारं, ते. ते पान डेटाबेसात एकही माणूस नसला तरच येतं. म्हणजे डेटाबेस रिकामा. मला पोटात गोळा आला, तो मी दाखवला नाही.

"वही बघू."

उजव्या पानावर लिहिलेलं होतं:

११.२० लाइट गेली. कॉम्प्युटर चालू (यूपीएस).
११.३५ लाइट आली. फोटो उघडत नाहीत, काळे चौकोन.
११.४० रीस्टार्ट. पेन ड्राइव्ह लावलेला होता (पाटलांचा, जुने फोटो).
११.४५ वेलकम. हे पान एकदाच येतं. थांबलो.

पुढचं सगळं या चार ओळींत होतं. मी एलएसबीएलके चालवायला सांगितलं. एसडीए, २२३.६ जी. एसडीबी, १४.९ जी. एसडीसी, ३.६ टी, आणि तिच्यापुढची जागा कोरी.

"एसडीबी तर मोठी हुती की," अण्णा पुटपुटले. वही मागं उलटत गेले, पान चौदा काढलं. तिथं माझ्या तोंडची ओळ त्यांच्या अक्षरात होती. एसडीबी-वन. कंसात: 'नंबर नंतर घालणार आहे.'

झालं होतं ते असं. यूपीएसला डेस्कटॉप लावलेला होता, डिस्कचा अडॅप्टर भिंतीच्या साध्या पिनेत. वीज गेली तेव्हा यंत्र चालू राहिलं आणि डिस्क त्याच्या पायाखालून निघून गेली. म्हणून काळे चौकोन. रीस्टार्ट केल्यावर लिनक्सनं सापडतील तशी डिस्कांना नावं दिली. ए, बी, सी ही नावं बाकावर बसल्या क्रमानं मिळतात, ती जन्मनावं नव्हेत. या वेळी पेन ड्राइव्ह आधी सापडला आणि तो बी झाला. एफएसटॅबची ओळ त्याला ईएक्सटी-४ म्हणून जोडायला गेली, तो निघाला फॅटचा, जमलं नाही. पण आम्ही नोफेल लिहिलेलं, त्यामुळे यंत्र काही न बोलता पुढं गेलं. मग डॉकर उठला. त्याला सांगितलेल्या जागी फोल्डर सापडलं नाही, तर त्यानं ते तयार केलं. तो करतोच. पोस्टग्रेसला रिकामं फोल्डर मिळालं, त्यानं नवं कोरं रजिस्टर घातलं. इमिचला कोरं रजिस्टर मिळालं, त्यानं 'वेलकम' म्हटलं.

चौघांनीही आपापलं काम चोख केलं आणि कुणीच तक्रार केली नाही. एकजण जरी कुरकुरला असता तर दुपार वाचली असती.

अण्णांनी तिथं नाव-पासवर्ड भरला असता तर? जुने फोटो तरीही सुरक्षितच होते, सी नावाच्या डिस्कवर, कुणी हात न लावलेले. पण त्याच पत्त्यावर फोन पुन्हा जोडले असते तर त्यांनी सगळे फोटो नव्यानं चढवायला घेतले असते, तेही आतल्या २४० जीबीवर. ती भरली की यंत्रच आडवं. आणि मग दोन अर्धी रजिस्टरं. वहीतल्या त्या एका वाक्यानं एवढं टाळलं.

दुरुस्ती अण्णांनी केली, मी मागं उभा. कंपोज खाली घेतला. खोटं फोल्डर पुसलं नाही, नाव बदलून बाजूला ठेवलं, 'खोटं' हेच नाव दिलं. पेन ड्राइव्ह काढला. डिस्क तिच्या फोल्डरला न जोडताच तिची तपासणी चालवली, कारण ती चालू असताना तिची वीज गेली होती. मग एफएसटॅबमध्ये नावाच्या जागी तो लांब नंबर, यूयूआयडी, टाकला. हा नंबर डिस्कच्या फॉरमॅटबरोबर जन्मतो आणि ती कुठल्याही भोकात लावली तरी बदलत नाही. छत्तीस खुणा आहेत त्यात. अण्णांनी कॉपी-पेस्ट करण्याआधी त्या वहीत हातानं उतरवून घेतल्या आणि दोनदा ताडून पाहिल्या. मी अडवलं नाही.

डिस्क जोडली, कंपोज वर आणला, लॉग लावला. पोस्टग्रेसनं लिहिलं की डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, आपोआप सावरणं चालू आहे. अण्णांचा चेहरा पडला. मी म्हटलं, ही चांगली ओळ आहे. पोस्टग्रेस कुठलाही बदल थेट रजिस्टरात करत नाही. आधी एका वहीत लिहितो काय करणार आहे ते, मग करतो. मध्येच वीज गेली तर उठल्यावर वही वाचतो आणि राहिलेलं पुरं करतो.

"आधी वहीत, मग काम?" अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "आणि तू मला हसत हुतास."

काही सेकंदांत लॉग शांत झाला. पान ताजं केलं. वेलकम नव्हतं, लॉग-इन होतं. आत नऊवारीतली पणजी, कोंबडीसकट.

नंतर जे बदललं

डिस्कचा अडॅप्टर यूपीएसला गेला. हे पाच मिनिटांचं काम आणि ते पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं.

रजिस्टर एसएसडीवर हलवलं, फोटो मोठ्या डिस्कवरच ठेवले. डेटाबेसला तशीही वेगवान डिस्क मानवते. इमिच रोज रात्री दोन वाजता डेटाबेसची एक प्रत आपणहून फोटोंच्या कप्प्यात काढून ठेवतं, त्यामुळे 'सगळं एका जागी' हा माझा जुना हेतू त्यातून साधतोच. तोही भाग मी आधी वाचलेला नव्हता.

बॅकअपच्या दोन डिस्का केल्या. एक घरी, एक लेकीकडं गडहिंग्लजला. महिन्याला अण्णा एसटीनं जातात तेव्हा अदलाबदल होते. तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्का, एक प्रत गावाबाहेर, ही रीत इमिचवाले स्वतःच सांगतात. पण पुराचं पाणी बघितलेल्याला तिसऱ्या प्रतीचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. दर खेपेला आणलेल्या डिस्कवरचा कुठलाही एक फोटो उघडून बघायचा, असं अण्णांनी ठरवलंय. कुठला उघडला ते वहीत असतं.

आणि शेवटचं, ज्याची मला सगळ्यात जास्त गोडी वाटते. डिस्क जोडलेली नसताना तिची जागा म्हणजे नुसतं एक रिकामं फोल्डर. त्या रिकाम्या फोल्डरलाच कुलूप घातलं. चॅटर नावाच्या आज्ञेत प्लस-आय दिलं की रूटसुद्धा तिथं काही तयार करू शकत नाही. डिस्क जोडली की ती त्या फोल्डरवर येऊन बसते आणि कुलूप खाली झाकलं जातं, कामात आडवं येत नाही. डिस्क नसली तर मात्र डॉकरला तिथं खोटं फोल्डर करता येत नाही.

हे चालतं का ते बघायला आम्ही एका संध्याकाळी मुद्दाम यंत्र बंद केलं, डिस्क काढून ठेवली आणि पुन्हा सुरू केलं. इमिचचं पान उघडलंच नाही. अण्णांनी कंपोज हातानं वर आणायचा प्रयत्न केला. फोल्डर करता आलं नाही, असं उत्तर आलं आणि ओळीच्या शेवटी तेच जुने शब्द होते: ऑपरेशन नॉट परमिटेड.

अण्णांनी चष्मा पुसला, वही ओढली आणि लिहिलं: 'ऑ. नॉ. परमिटेड = बरोबर आहे. डिस्क बघ.'

मग डिस्क जोडून सगळं सुरळीत झाल्यावर ते जिन्याकडं निघाले. विचारलं, कुठं?

"मेन स्विच पाडतो. यूपीएसवर डिस्क टिकती का बघूया."

खालून काकूंचा आवाज आला. मालिका संपेपर्यंत थांबायचं ठरलं.